लावता येतं, लागू होत नाही

रूलिंगराव तुमच्याही ओळखीचे आहेत. कॅरममध्ये राणी गेल्यावर सगळे ओरडत असताना ‘कव्हर?’ एवढंच म्हणणारा, मेंढीकोटाची पानं वाटून झाल्यावर ‘बंद हुकूम की कट हुकूम, ते आधी ठरलं नव्हतं’ म्हणून ती परत गोळा करणारा आणि सोसायटीच्या सभेत चहा यायच्या आधी कोरम मोजणारा माणूस एकच असतो. शर्ट फक्त बदलतो.

आमचे रूलिंगराव न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. आठवडाभर पोटासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून शनिवारी पत्त्यांच्या दुकानात येऊन पोरांच्या चुका शोधतात. पत्ते आपले बावन्न पानांचे नव्हेत, ‘यु-गी-ओ’चे. काझुकी ताकाहाशींनी १९९६ साली जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात एक चित्रकथा सुरू केली. १९९९ साली कोनामी कंपनीनं तिच्यातल्या खेळाचे पत्ते बाजारात आणले आणि २००२ साली ते अमेरिकेत पोचले. दोघांपुढे निदान चाळीस-चाळीस पत्त्यांची थप्पी, प्रत्येकी ८००० पॉइंटांचं आयुष्य आणि प्रत्येक पत्त्यावर मुंगीच्या अक्षरात छापलेला कायदा. २०११ पासून कंपनीनं त्या मजकुराला शिस्त लावली. अर्धविरामाच्या आधी लिहिलेली किंमत लगेच मोजायची, परिणाम अर्धविरामानंतर. त्या अर्धविरामाविषयी रूलिंगराव जितक्या हळवेपणानं बोलतात तितक्या हळवेपणानं मी त्यांना लग्नाच्या वाढदिवशीही बोलताना ऐकलेलं नाही.

चिरंजीव खेळतात, मी गाडी चालवतो आणि दुकानातली कॉफी पितो. त्या दिवशी चिरंजिवांनी रेडरॅप्टर अल्टिमेट फाल्कन नावाचा पक्षी मैदानात उतरवला. ताकद ३५००. शिवाय ‘इतर पत्त्यांचा कसलाही परिणाम होत नाही’ असं वरदान. समोर ओबेलिस्क द टॉर्मेंटर, ताकद ४०००. चिरंजिवांनी पक्ष्याच्या हाती अ‍ॅक्स ऑफ डिस्पेअर दिली. ही कुऱ्हाड ज्याच्या हाती, त्याची ताकद १००० नं वाढते. साडेतीन आणि एक साडेचार, ‘अटॅक!’ असं ओरडायला पोरानं तोंड उघडलं आणि मागून आवाज आला.

‘‘लावता येतं, लागू होत नाही.’’

रूलिंगराव. एका हातात कॉफी, दुसऱ्या हाताची तर्जनी आकाशाकडे.

‘‘म्हणजे?’’ मी विचारलं. हे विचारू नये, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

‘‘कुऱ्हाड लावताना मॉन्स्टरला टार्गेट करावं लागतं. फाल्कनला टार्गेट करू नका असं कुठं लिहिलंय? नाही ना? मग करा. कुऱ्हाड लागली. मैदानावर राहिली. पण कुऱ्हाड हा दुसरा पत्ता, आणि दुसऱ्या पत्त्याचा परिणाम त्याच्यावर होत नाही. ताकद साडेतीनच. आता अटॅक केलास तर तुझाच पक्षी मरेल, वर पाचशे पॉइंट जातील.’’

‘‘आणि ती कुऱ्हाड ओबेलिस्कला लावली असती तर?’’ हेही मीच विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. ‘‘तिथे लावताच येत नाही! त्याच्यावर स्पष्ट लिहिलंय, टार्गेट करता येणार नाही. बघा, लोक या दोन गोष्टी एकच समजतात.’’ लोक म्हणजे मी.

पुढे रेलिंक्विश्ड आला. हा समोरच्याचा मॉन्स्टर उचलून स्वतःच्या अंगावर दागिन्यासारखा चढवतो. फाल्कनवर त्याची मात्रा चालत नाही, कारण इथे फाल्कनलाच जागचा हलवायचं आहे. ‘‘गळ्यात हार घालता येतो, गळ्याचा हार करता येत नाही,’’ असं रूलिंगराव म्हणाले आणि स्वतःवर इतके खूश झाले की तेच वाक्य त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या कोरियन मुलाला मराठीतच ऐकवलं. मग लाव्हा गोलेम. हा समोरच्याचे दोन मॉन्स्टर बळी देऊन त्याच्याच अंगणात उतरतो, आणि तिथे फाल्कनचं वरदान कुचकामी, कारण बळी देणं हा ‘परिणाम’ नव्हे, ती उतरायची रीत आहे. एवढा अजिंक्य पक्षी, आणि गेला रीतीपुढे. मला ते फार ओळखीचं वाटलं, पण मी बोललो नाही.

या खेळावर अशी माया असलेल्या माणसानं मूळ कार्टून आवडीनं पाहिलं असेल असं वाटेल. नाव काढू नका. त्यात समुद्राच्या डावात कथानायक युगी आपल्या दगडी सैनिकाला चक्क चंद्रावर हल्ला करायला सांगतो. चंद्र फुटतो, समुद्र ओसरतो, डाव फिरतो. त्या प्रसंगाची आठवण काढली की रूलिंगरावांचा रक्तदाब वाढतो. ‘‘चंद्र? चंद्राला अटॅक? त्या पत्त्यावर ताकद तरी लिहिलीय का?’’ आता हे मुलांचं कार्टून आहे, असं म्हणून पाहावं. लावता येतं, लागू होत नाही.

कारण एव्हाना ते वाक्य दुकानातून बाहेर पडून एडिसनभर झालं होतं. संक्रांतीचा कार्यक्रम बर्फामुळे रद्द झाला आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले, तेव्हा रूलिंगराव उठून म्हणाले, ‘‘किंमत मोजल्यावर चाल रद्द झाली तरी किंमत परत मिळत नाही.’’ त्या रात्री मंडळाच्या खजिनदाराइतका आनंदी माणूस न्यू जर्सीत नव्हता आणि रूलिंगरावांशी महिनाभर कुणी बोललं नाही. याचाही त्यांच्यावर परिणाम झाला नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, वहिनींनी जिमचं सभासदत्व भेट दिलं. कार्ड पाकिटात आहे. ‘‘यांना टार्गेट करता येतं हो,’’ वहिनी एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, ‘‘पुढे काही होत नाही.’’ एवढं अचूक रूलिंग दुकानातल्या जजनंही कधी दिलेलं नाही.

मी त्यांना टाळायला लागलो होतो, हे सांगतो. मग शेजारच्या राज्यातली मोठी स्पर्धा आली. चिरंजिवांसमोर दाढीवाला, तिशीचा गडी. त्याचे फक्त ४०० पॉइंट उरलेले, पण पुढ्यात ओबेलिस्क उभा. पोराच्या पुढ्यात फाल्कन आणि हाती ब्लॅक पेंडंट. हे पेंडंटही लावायचंच, ५०० ची ताकद देणारं. पोरानं ते फाल्कनला लावलं. गडी हसला. ‘‘त्याच्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे लावता येणार नाही. उचल.’’ पोरगं बावरलं. दाढीवाल्याशी वाद घालायचं ते वय नव्हे.

मी मागे वळून पाहिलं. रूलिंगराव उभे होते. तर्जनी अर्धी वर गेलेली, ओठ घट्ट मिटलेले, कपाळाची शीर उडतेय. प्रेक्षकानं चालू डावात बोलायचं नाही, हा नियम. ज्या माणसाला मी उभ्या आयुष्यात एकही वाक्य गिळताना पाहिलं नव्हतं, तो अख्खं वाक्य गिळत होता, तेही त्याचं सर्वांत लाडकं. मग ते वळले आणि त्या वयाला न शोभेलशा चालीनं सुटले. परतले ते जजला घेऊन.

जजनं पत्ता वाचला, दुसरा वाचला आणि इंग्रजीत जे सांगितलं त्याचं मराठी तुम्हाला आता पाठ आहे. पोरानं ३५०० चा फाल्कन ४००० च्या ओबेलिस्कवर मुद्दाम आदळला. पक्षी मेला, पोराचे ५०० गेले. पण पक्ष्याबरोबर पेंडंटही मैदानातून कबरीत गेलं, आणि ते तसं गेलं की समोरच्याला ५०० चा फटका बसतो. हा फटका पक्ष्याला नाही, माणसाला बसतो, म्हणून पक्ष्याच्या वरदानाचा इथे संबंध येत नाही. दाढीवाला संपला. रूलिंगराव मागच्या भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. शाबासकी देताना त्यांनी एवढंच सांगितलं की पेंडंट पाठवताना त्याचा परिणाम मोठ्यानं जाहीर करायला हवा होता.

परतीच्या वाटेवर गाडीत तेच पुढे बसले होते. मी सहज विचारलं, ग्रीन कार्डाचं काय झालं? चूक होती, पण टर्नपाइकवर गर्दी होती.

‘‘कंपनीचा अर्ज, आय-१४०, केव्हाच मंजूर झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘लावलेलं आहे.’’

पुढचं ते बोलले नाहीत, मला ऐकू आलं. नोकरीच्या वाटेनं अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते, आणि कुठल्याही एका देशाला ढोबळमानानं त्यातली ७ टक्केच. भारताची रांग त्यामुळे दशकांत मोजतात. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. त्यात भारतापुढची तारीख कधी चार आठवडे पुढे सरकते, कधी थांबते, कधी मागेही जाते. व्हिसा वाढवत राहायचा आणि बुलेटिन वाचत राहायचं. पोरांच्या खेळात निषिद्ध पत्त्यांची यादी निघते, ती रूलिंगराव ज्या बारकाईनं वाचतात तसंच हेही वाचत असणार.

‘‘मुलगी विसाची होईल,’’ ते म्हणाले. ‘‘एकविसाला माझ्या व्हिसातून बाहेर. ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी मात्र वय वेगळं मोजतात. आय-१४० जितके दिवस पडून होता तितके वयातून वजा. माझा फार लवकर मंजूर झाला. सतरा दिवस.’’ लवकर मंजुरी हे दुर्दैव ठरतं असा नियम समजावून सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता. दुकानात हात वर केला की जज येतो, पत्ता वाचतो, काही मिनिटांत निकाल देतो, आणि तो निकाल तिथल्या तिथे लागू होतो. शनिवारी सकाळी सर्वांत आधी दुकानात पोचणारा हा माणूस तिथे कशासाठी येतो, हे मी तोवर मनाशी विचारलं नव्हतं.

मागच्या सीटवर चिरंजीव जागे होते. ‘‘काका, स्किल ड्रेन टाका ना. सगळ्या मॉन्स्टरची पॉवर बंद. मग लावलेलं लागू होईल. हॉरस लेव्हल सिक्सला होतं तसं.’’

हे बरोबर होतं. हॉरस या मॉन्स्टरवर मंत्राच्या पत्त्यांचा परिणाम होत नाही, आणि कुऱ्हाड त्यातलीच. पण स्किल ड्रेन हा सापळ्याचा पत्ता आहे. तो पडला की हॉरसचं वरदान संपतं आणि इतका वेळ नुसतीच लटकलेली कुऱ्हाड कामाला लागते, २३०० चे ३३०० होतात. रूलिंगरावांनी बराच वेळ, अगदी मनापासून विचार केला. एक एक्झिट गेली.

‘‘किंमत हजार पॉइंट,’’ ते म्हणाले. ‘‘ते देतो रे मी. पण स्किल ड्रेन फक्त उताण्या पत्त्यांना लागतो. या लोकांचे सगळे पत्ते पालथे.’’