पीएच मीटर सातवर कसा आणावा?

सोलापूर-पुणे महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल आणि रसायनं बनवणारे कारखाने आहेत. कारखाना म्हटला की क्यूसी लॅब आली, आणि लॅब म्हटली की पीएच मीटर आलाच. तो नीट चालवायचा असेल तर सोबतचं मॅन्युअल पुरेसं आहे. पुढील कृती बाकीच्यांसाठी.

कृती पहिली. इलेक्ट्रोडच्या वायरीला पाव वळसा देऊन बसणारा बीएनसी कनेक्टर असतो. पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन यांच्या आडनावांची अक्षरं त्याने जपली आहेत. तो काढून मधल्या पिनेभोवतीच्या पांढऱ्या प्लास्टिकवर बोट फिरवावं. डब्यातली शेंगाचटणी नुकतीच खाल्लेली असल्यास उत्तम.

इलेक्ट्रोडच्या काचेच्या फुग्याचा रोध शेकडो मेगाओहमपर्यंत जातो. १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर लावला, तो याच अडचणीपायी. आता समजा, काच १०० मेगाओहमची आणि मीठ-ओलाव्याने कनेक्टरवर पडलेली चोरवाटही १०० मेगाओहमची. म्हणजे निम्मं व्होल्टेज वाटेतच गळालं. पंचवीस अंशांना सातवर शून्य आणि तिथून एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, म्हणजे ४ च्या बफरला साधारण १७७ मिळायला हवेत, मिळतात ८९. मीटर म्हणतो, साडेपाच. १० च्या बफरला म्हणतो, साडेआठ. आम्ल असो वा अल्कली, सगळ्यांची वारी सातकडे.

कृती दुसरी. प्लगची जाड पिन लांब असते, कारण अर्थ सगळ्यात आधी लागावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा. ती उपटून टाकावी आणि शेजारी मॅग्नेटिक स्टरर लावावा. आकडे नाचू लागतील. पिन शाबूत ठेवायचीच असेल तर बाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यावा. त्यातला मीठ-कोळसा ओला असेल तरच कामाचा, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी इलेक्ट्रिकलवाल्यांनी घालायचं की हाउसकीपिंगने, हे ठरेपर्यंत मृग लागतो.

उत्साही मंडळींनी उलट करावं: मीटरला एक अर्थ, कॉम्प्युटरला दुसरा, मधल्या वायरीची शिल्ड दोन्ही टोकांना जोडलेली. दोन अर्थांमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या फेऱ्यातून करंट फिरतो आणि रीडिंगमध्ये मिसळतो. शिल्ड एकाच टोकाला जोडली तर ही गंमत हुकते.

कृती तिसरी. फुगा टिश्यूने नुसता टिपू नये. आंघोळीनंतर सोलापुरी टॉवेलने पाठ पुसावी तसा खसाखसा घासावा. स्थिर विद्युत साचते आणि आकडा बराच वेळ ठरत नाही.

एवढं झालं की कॅलिब्रेशन लावावं. स्लोप ५० टक्के येईल, म्हणजे कॅलिब्रेशन नापास. लॉगबुकात ‘इलेक्ट्रोड खराब, बदलला’ असं लिहून सही करावी, आणि जुना इलेक्ट्रोड ड्रॉवरमधल्या इतर पाच धडधाकट इलेक्ट्रोडांशेजारी ठेवावा. मग नवा काढावा, त्याच्या कनेक्टरवरही तेच बोट फिरवून तो बसवावा आणि ४ च्या बफरमध्ये बुडवावा.

साडेपाच.