१:७२ स्पिटफायरचा वैमानिककक्ष : विधी आणि निषेध

प्रतिकृती विमानाच्या संचात जे भाग दिलेले नसतात, किंवा दिलेले असूनही कर्त्याच्या स्वाभिमानाला रुचत नाहीत, ते प्लास्टिकचा पत्रा, तार आणि हट्ट यांतून स्वतः घडवण्याच्या विद्येस स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. प्रस्तुत विवेचनासाठी स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान १:७२ या प्रमाणात गृहीत धरले आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर असल्याने प्रतिकृतीचा सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतो आणि वैमानिकाचे आसन करंगळीच्या नखावर मावते.

आरंभ उच्छेदाने करावा. मूळ स्पिटफायरच्या कक्षाला सलग तळ नव्हता, पायपट्ट्यांखाली टाचा टेकण्यापुरतीच सोय होती. त्यामुळे संचात सपाट तळ दिला असल्यास तो कापून काढणे आणि त्या जागी काहीच नाही हे काटेकोरपणे दाखवणे हे साधकाचे पहिले कर्तव्य ठरते.

नळ्या व दांडे यांसाठी स्प्रू, म्हणजे ज्या चौकटीला संचातील भाग जोडलेले येतात ती, उपयोगी पडते. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीत नव्हे, तर ज्योतीच्या वर धरून फिरवत राहावा आणि तो मऊ पडून मधोमध वाकू लागताच उष्णतेपासून दूर नेऊन दोन्ही टोके ओढावीत. झटकन ओढल्यास तंतू बारीक निघतो, सावकाश ओढल्यास जाड, आणि विचार करत बसल्यास तुकडा पुन्हा कडक होतो. वैमानिकाच्या दांड्यावरील कड्यासाठी मात्र तांब्याची तार ड्रिलच्या बारीक पात्याभोवती गुंडाळून एक वेढा कापून घ्यावा. हा वेढा कापताक्षणी उडतो. तो जमिनीवर पडतो असा समज रूढ आहे, परंतु जमिनीवर तो कधीच सापडत नसल्याने या मताला पुराव्याचा आधार नाही. म्हणून सुज्ञ कर्ता पाच वेढे कापतो आणि शेवटचा हरवेपर्यंत धीर सोडत नाही.

सटन हार्नेस, म्हणजे वैमानिकाला आसनाशी जखडणारे चार पट्टे, मास्किंग टेपच्या पाऊण मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून करावेत. प्रत्यक्षात ५ मिलिमीटर असलेले रिव्हेटचे डोके या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके होते. पट्ट्यांवरील छिद्रांचीही गत फारशी वेगळी नसल्याने ती पेन्सिलीच्या टोकाने सुचवावीत. कोरण्याचा प्रयत्न करणाऱ्यास भिंगाचा आणि कुटुंबीयांचा, दोघांचाही आधार लवकरच तुटतो. उपकरणफलकावर, म्हणजे उंची, वेग वगैरे दाखवणाऱ्या तबकड्यांच्या फळीवर, प्रत्येक तबकडीत पारदर्शक वार्निशचा थेंब सोडला की काच झाली. रंगाबाबत इतकेच, की अनेक स्पिटफायरांतील आसन राळ मुरवलेल्या दाबीव कागदाचे, तांबूस तपकिरी होते, आणि कक्षाचा करडा हिरवा नेमका कोणता, यावर दोन तज्ज्ञांना एका खोलीत बसवू नये.

यानंतर धडाचे दोन अर्धे चिकटवून वर पारदर्शक छत बसवावे. हे छत १ मिलिमीटर जाड असल्यास मूळ प्रमाणात ती ७.२ सेंटिमीटर जाडीची काच होते आणि तिच्यातून आत काळोखाखेरीज काही दिसत नाही. तेव्हा छायाचित्र धड बंद करण्यापूर्वीच काढून ठेवावे. ज्या कर्त्याजवळ ते नसेल, त्याने पट्टे केलेच नव्हते असे मानण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे.