केदारचे प्रताप

स्पॅनिश शिकताना सगळ्यात आधी माझी ज्याच्याशी घसट झाली, तो केदार. माणूस नव्हे, क्रियापद. उच्चार मात्र हुबेहूब आपल्या केदारचा, त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरचाच वाटला. शब्दकोशात पहिलाच अर्थ होता ‘राहणे’. तो वहीत उतरवला आणि पान मिटलं. तिथंच माशी शिंकली.

माद्रिदला जाऊन आठवडा झाला असेल. शुक्रवारी कामावरच्या मंडळींनी विचारलं, ‘केदामोस आ लास न्वेवे?’ केदामोस म्हणजे आपण राहतो, न्वेवे म्हणजे नऊ. रात्री नऊला माणूस घरीच राहणार, त्यात विचारायचं काय? मी जोरात ‘सी, सी’ म्हणालो, घरी आलो, आमटीभात टाकला आणि दिल्या शब्दाला जागून घरी राहिलो. साडेनऊला फोन वाजला. पुएर्ता देल सोल चौकात चौघं माझ्या नावाने शंख करत उभे होते. माद्रोन्योच्या झाडाला पंजे टेकलेलं अस्वल हे माद्रिदचं मानचिन्ह. त्याचा १९६७ सालचा पुतळा त्या चौकात आहे आणि पुणेकर अलका टॉकीजपाशी भेटतात तसे माद्रिदकर त्या अस्वलापाशी भेटतात. स्पेनमध्ये भेटायचं ठरवणं म्हणजेही केदार!

मग कपड्यांच्या दुकानात निळा शर्ट अंगात घालून पाहिला. विक्रेती म्हणाली, ‘ते केदा ब्येन.’ तुला चांगला राहतो. मी विचारलं, ‘किती वर्षं?’ तिला म्हणायचं होतं, शोभतो. तो घेतो असं सांगायलाही पुन्हा केदारच : ‘मे केदो कोन एल आथुल’, शब्दशः मी निळ्यासोबत राहतो. एखाद्याला गाढ झोप लागली, तर तो म्हणे ‘तळलेला राहिला’. आणि बाईचं लग्न व्हायचं राहिलं, तर ती ‘संतांच्या मूर्तींना कपडे घालायला राहिली’. कहर म्हणजे या क्रियापदाचं लॅटिन मूळ ‘शांत करणे’ असं आहे.

एकदा वैतागून घरमालकीणबाईंकडे तक्रार केली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ मी ऐटीत सुरू झालो. राहणे. मी पुण्यात राहतो. डब्यात दोन पोळ्या राहिल्या. फोन करायचा राहिला. राहू दे, पैसे मी देतो. न बोलता राहवत नाही. ती गरोदर राहिली... इथं बाईंनी हात वर केला. गरोदर राहायला त्यांच्याकडेही केदारच लागतो! पण बाकीचं ऐकून त्या म्हणाल्या, ‘मराठी शिकायचं माझं राहिलंच तर बरं.’

तेव्हा वाचकहो, शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. मित्र अस्वलापाशी ताटकळतात आणि आमटीभात एकट्याने खावा लागतो.