सात पाठांत राज्य रग्बी युनियन

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या राज्याच्या रग्बी युनियनवर तुमची निवड झाली असेल तर हार्दिक अभिनंदन. निवड कशी झाली याचा फार विचार करू नका. सभेला गैरहजर असलेल्या माणसाचं नाव सुचवायचं आणि हात वर करून मोकळं व्हायचं, ही रीत जगभरच्या क्रीडा संघटनांना ठाऊक आहे. ही मार्गदर्शिका अशाच नवख्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. सातही पाठ नीट वाचले तर पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा तुम्ही निभावून न्याल. दुसरीची हमी आम्ही घेत नाही.

पूर्वतयारी : खेळ स्वतः खेळलेला असण्याची सक्ती नाही. लंबगोल चेंडू, एका बाजूला पंधरा माणसं आणि हाताने फेकायचा तर चेंडू मागेच फेकायचा, एवढं ध्यानात ठेवा. एका बाजूला तेराच माणसं दिसली तर तो रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ आहे. माणसं कमी म्हणून त्याला हसू नका. तुमचे प्रेक्षक आणि खेळाडू तिकडे कसे गेले ते पाठ तिसऱ्यात येईल.

पाठ पहिला : देश तयार होईपर्यंत थांबू नका

सिडनीत १८७४ मध्ये सदर्न रग्बी युनियन स्थापन झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया नावाचा देशच नव्हता. होत्या त्या वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती. ज्या इंग्लंडच्या युनियनशी संलग्न व्हायचं तीही १८७१ सालची, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची. १८८२ मध्ये क्वीन्सलँडचा संघ सिडनीला आला आणि न्यू साऊथ वेल्सकडून २८-४ असा हरून परतला. पुढच्याच वर्षी क्वीन्सलँडने स्वतःची नॉर्दर्न रग्बी युनियन काढली. हरलं की नवी संघटना काढावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे. सिडनीच्या युनियनने १८९२ मध्ये न्यू साऊथ वेल्स हे नाव घेतलं, क्वीन्सलँडनेही पुढे आपल्या वसाहतीचं नाव लावलं.

१८९९ मध्ये ब्रिटिश संघ दौऱ्यावर आला आणि त्याच्याशी खेळायला पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया नावाचा संघ उतरला. सिडनीत पहिला सामना १३-३ असा जिंकला, पुढचे तिन्ही हरले. जर्सीचा प्रश्न मात्र चोख सुटला : सामना सिडनीत असेल तर न्यू साऊथ वेल्सची निळी, ब्रिस्बेनमध्ये असेल तर क्वीन्सलँडची तपकिरी लाल. देशाला स्वतःचा रंग नव्हता आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. देश जन्मला १ जानेवारी १९०१ ला. देशाची रग्बी संघटना जन्मली १९४९ मध्ये. इथे आजी नातवंडांनंतर जन्मली, आणि तिच्या जन्मदाखल्यावर सह्या नातवंडांच्या आहेत. या युनियनमधली पुढची सगळी भांडणं याच दाखल्यावरून आहेत, हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.

पाठ दुसरा : आधी नकाशा पाहा

राज्यं कागदावर सारखी, रग्बीत नाहीत. इतिहासाचे अभ्यासक इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक कल्पित रेषा ओढली आणि फुटबॉलपटू रॉन बरासी यांचं नाव तिला दिलं. रेषेच्या एका बाजूला न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँड : तिथे रग्बीचे दोन्ही प्रकार चालतात. दुसऱ्या बाजूला व्हिक्टोरिया, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया, टास्मानिया : तिथे फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, आणि रग्बी म्हणजे बाहेरून येऊन राहिलेल्या मंडळींचा छंद. तुमची निवड रेषेच्या त्या बाजूला झाली असेल तर काम कमी आणि अपेक्षा त्याहून कमी आहेत. मन लावून काम करा.

न्यू साऊथ वेल्सवर निवड झाली असेल तर मात्र सावध. तुमच्या राज्याच्या पोटात आणखी राज्यं आहेत. सिडनीचे मोठे क्लब वेगळे, उपनगरी क्लबांची संघटना वेगळी, ग्रामीण भागाची वेगळी, शाळांचं जग तर फारच वेगळं. रँडविक, मॅनली, ईस्टवुड असे क्लब ज्या शूट शील्डसाठी खेळतात, ती १९२३ पासूनची ढाल सिडनी विद्यापीठाचा खेळाडू रॉबर्ट शूट याच्या नावाची आहे. सामन्यात झालेल्या दुखापतीने तो १९२२ मध्ये गेला. या ढालीसाठी जिवाचं रान करणाऱ्या क्लबांचं ठाम मत असतं की राज्याचा संघ आपल्या जिवावर चालतो. राज्याचं हेच मत देशाच्या संघाबद्दल असतं. दोन्ही मतं बरोबर आहेत. सभेत मात्र यांपैकी एकच बोलून दाखवा, आणि ते कुठल्या सभेत बसला आहात हे पाहून.

पाठ तिसरा : खेळाडूच्या खांद्याचा खर्च मंजूर करा

हा पाठ स्वस्तात शिकता येतो. न्यू साऊथ वेल्सने तो महागात शिकला. १९०७ साली युनियनचे दिवस सोन्याचे होते. न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याला सिडनीत ५० हजारांवर लोक लोटले. त्याच काळात ॲलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा दुखावला, त्याचा रोजगार बुडाला, आणि युनियनने भरपाई दिली नाही. खेळ हौशी आहे, हौसेला मोल नसतं, असं तत्त्व होतं. तिकिटांना मोल होतं, हा बारकावा खेळाडूंच्या लक्षात आला.

८ ऑगस्ट १९०७ ला सिडनीतल्या बेटमन्स हॉटेलात बैठक झाली आणि न्यू साऊथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग निघाली. पुढाकार घेणाऱ्यांत जेम्स गिल्टिनन होते, आणि खजिनदार झाला क्रिकेटवाल्यांना ठाऊक असलेला व्हिक्टर ट्रम्पर. जगातल्या सर्वांत देखण्या फलंदाजांत ज्याची गणना होते, त्याने फावल्या वेळात दुसऱ्या एका खेळाची फाळणी करून ठेवली. तारांकित खेळाडू डॅली मेसेंजर लीगकडे गेला. ऑस्ट्रेलियाच्या संघाने, म्हणजे वॉलबीजनी, १९०८ मध्ये लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं (दोनच संघ होते, कॉर्नवॉलला ३२-३ हरवलं की झालं), पण पदक घेऊन परतलेल्यांपैकी बरेच जण वर्षभरात पैसे घेऊन लीगमध्ये दाखल झाले. सिडनी आणि ब्रिस्बेनमधल्या कष्टकरी वस्त्या लीगच्या झाल्या, युनियनकडे शाळा, विद्यापीठं आणि तत्त्व उरलं.

सूचना : एका खांद्याचा खर्च आणि शंभराहून अधिक वर्षांचा गल्ला, यांची बेरीज-वजाबाकी कार्यकारिणीसमोर मांडू नका. इतिवृत्तात जाते.

पाठ चौथा : युनियन बंद पडली तर घाबरू नका

पहिल्या महायुद्धात युनियनचे खेळाडू मोठ्या संख्येने सैन्यात गेले आणि युनियनने स्पर्धा थांबवल्या. लीगने चालू ठेवल्या. युद्ध संपलं तेव्हा क्वीन्सलँडची युनियन उभी राहू शकली नाही. ब्रिस्बेनच्या शाळासुद्धा लीग खेळू लागल्या, आणि हे राज्य जवळजवळ दशकभर नकाशावरून गायब झालं. १९२८-२९ च्या सुमारास ते परत आलं.

मधल्या काळात ऑस्ट्रेलियाचं काय झालं? काही नाही. न्यू साऊथ वेल्सने तेही काम सांभाळलं. १९२७-२८ मध्ये जॉनी वॉलेस यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा वॉराटाज संघ ब्रिटन, फ्रान्स आणि कॅनडाला जाऊन मोकळा, देखणा खेळ करून आला. हे सामने एका राज्याचे की देशाचे, याचा निकाल राष्ट्रीय संघटनेने १९८६ मध्ये लावला : आंतरराष्ट्रीय सामन्यांना कसोटीचा दर्जा मिळाला. जवळजवळ साठ वर्षांनी बरेच खेळाडू मरणोत्तर आंतरराष्ट्रीय झाले. तेव्हा तुमचा एखादा अर्ज केंद्राकडे तीन-चार वर्षं पडून असेल तर त्रागा करू नका.

पाठ पाचवा : केंद्र स्थापन करा, पण मतं आपल्याकडे ठेवा

आंतरराष्ट्रीय मंडळाने जागा देऊ केली ती ऑस्ट्रेलियाला. घ्यायला ऑस्ट्रेलियाची संघटना हवी, म्हणून राज्यांनी ती १९४९ मध्ये स्थापन केली. तिची मतविभागणी हे राज्यकारभारातलं प्रगत कौशल्य आहे. २०१२ पर्यंत एकूण १४ मतं होती : न्यू साऊथ वेल्सला ५, क्वीन्सलँडला ३, उरलेल्या सहा युनियन्सना एकेक. दोन मोठे भाऊ एकत्र आले की ८. बाकीच्या सहांनी चहा घ्यावा आणि ठराव मंजूर झाल्याचं ऐकावं.

हे छान चाललं होतं तोवर पैसा आला. १९९५ मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून दूरदर्शन हक्क रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीला दहा वर्षांसाठी ५५.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली. हक्क विकले केंद्राने, चेक आला केंद्राकडे. राज्यांकडे राहिली मतं. तेव्हापासून ज्याच्याकडे पैसा आहे त्याला निवडून यावं लागतं त्यांच्याकडून, ज्यांच्याकडे पैसा नाही.

२०१२ मध्ये माजी मंत्री मार्क आर्बिब यांनी अहवाल दिला आणि घटना बदलली. आता प्रत्येक राज्याला एक मत, ५० हजारांवर नोंदणीकृत खेळाडू असतील तर आणखी एक, सुपर रग्बी संघांना एकेक, खेळाडूंच्या संघटनेला एक. शेवटचं मत वाचून ॲलेक बर्डनला बरं वाटलं असतं.

पाठ सहावा : परवाना उशाखाली ठेवून झोपा

१९९६ मध्ये सुपर रग्बी ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा कॅनबेराचा ब्रम्बीज हा ऑस्ट्रेलियाचा तिसरा संघ निघाला. दोन मोठ्या राज्यांना नको असलेले बरेच खेळाडू त्यात होते. २००१ मध्ये त्यांनी विजेतेपद पटकावलं. क्वीन्सलँडला ते २०११ मध्ये मिळालं आणि न्यू साऊथ वेल्सला २०१४ मध्ये. संख्या आणि यश यांचा संबंध शोधू पाहणाऱ्या नवशिक्यांनी इथे थांबून पाणी प्यावं.

यशाने हुरळून केंद्राने रेषेपलीकडे पाऊल टाकलं. २००६ मध्ये पर्थला वेस्टर्न फोर्स, २०११ मध्ये मेलबर्नला रेबल्स. पर्थचं आर्थिक गणित बिघडलं तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये मदतीच्या बदल्यात परवाना केंद्राकडे दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तोच संघ बंद केला. राज्य न्यायालयात गेलं, हरलं. सिनेटने चौकशी केली. खाणसम्राट अँड्र्यू फॉरेस्ट यांनी पदरचे पैसे घालून संघ जिवंत ठेवला. २०२० मध्ये महासाथीने सीमा बंद झाल्या, देशातल्या देशात स्पर्धा भरवायला संघ कमी पडले, आणि बंद केलेला फोर्स पुन्हा बोलावला गेला.

रेबल्सचं उलट. त्यांचा खासगी मालक २०१७ मध्ये एका डॉलरला संघ व्हिक्टोरियाच्या युनियनकडे सोपवून गेला. त्या वर्षी कुऱ्हाड पर्थवर पडली म्हणून मेलबर्न वाचलं. २०२४ मध्ये दोन कोटी डॉलरहून जास्त देणी निघाली आणि संघ गेला. एक डॉलरला काहीही मिळत असेल तर आधी ताळेबंद मागा.

न्यू साऊथ वेल्सने तर वॉराटाजचा कारभार आपणहून केंद्राच्या हवाली केला. पहिल्याच हंगामात, २०२४ मध्ये, संघ तळाला गेला. क्वीन्सलँड आणि कॅनबेरा यांनी हा प्रयोग लांबून पाहिला आणि लांबच राहायचं ठरवलं.

पाठ सातवा : अध्यक्ष कसा पाडावा

यासाठी आधी संघ पडावा लागतो. २०२३ मध्ये केंद्राचे अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांच्या आग्रहाने एडी जोन्स प्रशिक्षक झाले. विश्वचषकात वॉलबीज पहिल्यांदाच गटातून बाहेर पडले, वेल्सकडून ४०-६ असे हरून. ऑक्टोबरअखेर जोन्स गेले. नोव्हेंबरमध्ये सहा सदस्य युनियन्सनी अध्यक्षांनी जावं असं पत्र लिहिलं : क्वीन्सलँड, कॅनबेरा, पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, नॉर्दर्न टेरिटरी. न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरियाने सही केली नाही. दोन-तीन दिवसांत संचालकांनी अध्यक्षांना हटवलं, आणि खुर्चीवर आले डॅनियल हर्बर्ट, पूर्वाश्रमीचे क्वीन्सलँडचे खेळाडू.

तंत्र लक्षात घ्या. ज्या टास्मानियाचा संघ स्पर्धेत कधीच नव्हता, त्याची सही पत्रावर होती. पुढचा अध्यक्ष टास्मानियाशी गोड बोलेल. हक्कांच्या पैशातून त्याला मिळणारा वाटा तेवढाच राहील, पण बोलणं गोड असेल.

वारंवार विचारली जाणारी शंका

प्रश्न : राज्य सरकारला मध्ये घ्यावं का?
उत्तर : क्वीन्सलँडने घेतलं होतं. १९७१ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा संघ दौऱ्यावर आला, तेव्हा तिथले प्रीमियर ज्यो बिएल्के-पीटरसन यांनी महिन्याभरासाठी आणीबाणी जाहीर केली आणि सामना कुंपणाआड एक्झिबिशन ग्राउंडवर हलवला. ऑस्ट्रेलियाच्या सात खेळाडूंनी त्या संघाशी खेळायला नकार दिला होता. खेळात राजकारण नको, असं जे म्हणत होते, त्यांनीच त्या वर्षी सर्वांत जास्त राजकारण केलं.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : पैसा ........कडे, मतं ........कडे आणि प्रेक्षक ........कडे. (केंद्रा, राज्यां, लीग)

२. कारणे द्या : कॅनबेराने वॉराटाजच्या हस्तांतराबद्दल अभिनंदनाचा ठराव केला नाही.

३. एका वाक्यात उत्तर द्या : परवाना कुठे ठेवावा?

४. 'राज्य युनियन्स बरखास्त करून सगळा कारभार केंद्राने चालवावा' या विषयावर ठरावाचा मसुदा लिहा. तो मंजूर व्हायला कोणाकोणाची मतं लागतील ते आधी मोजा. मोजून झाल्यावर मसुदा लिहायची गरज वाटली नाही, तर पूर्ण गुण.