मामा की सासरा?

माहुरात घर असलं की पाहुण्यांना तोटा नाही. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया झालं की मुक्काम आमच्याकडं. त्या गर्दीत माडीवर बसून मी पुण्याच्या कंपनीसाठी रस्टमध्ये कोड लिहितो. परवा कंपायलर अडून बसला: एरर ई०११९.

माझा ‘माप’ नावाचा एक जेनेरिक टाइप आहे. आत फूट ठेवा नाहीतर मीटर. मी सगळ्यांसाठी मिळून रूपांतराचा एकच ‘फ्रॉम’ नियम लिहिला: टी या टाइपचा यू होत असेल, तर टीच्या मापाचं यूचं माप व्हावं. कंपायलर म्हणाला, टी आणि यू एकच निघाले तर? कुठल्याही टाइपचं स्वतःतच रूपांतर होतं, हा नियम रस्टच्या लायब्ररीत आधीपासून आहे. म्हणजे मीटरचं मीटर करायला दोन नियम हजर! उत्तर एकच येत असलं तरी कुणाचं ऐकायचं ते कंपायलर ठरवत नाही.

तेवढ्यात मामा गडावरचा तांबूल घेऊन वर आले. “काय करू लागलास?” मी सांगितलं. मामा म्हणाले, “हे तर दादाच्या लग्नात झालं की!”

आमच्याकडं मामाची पोर करतात. दादानं ह्यांचीच केली. मंगलाष्टकांच्या तोंडावर गुरुजी ओरडले, “मुलाचे मामा, मुलाच्या मागं!” मामा गेले. “मुलीचे वडील, इकडं या!” मामा आले. दोन-तीन फेऱ्यांत फेटा सुटला. शेवटी आजीच म्हणाली, “चुलतमामाला उभं करा मागं.” ती नवऱ्याचीही आजी अन् नवरीचीही, तिला डोकं शांत ठेवणं सोपं होतं.

रस्टमध्ये चुलतमामा मिळत नाही. ‘टी आणि यू वेगळे असतील तरच’ अशी अट स्टेबल रस्टमध्ये घालता येत नाही. खास नियमाला वरचढ मानणाऱ्या स्पेशलायझेशनचा प्रस्ताव २०१६ मध्ये मंजूर झाला, पण गाडी अजून नाइटली या प्रायोगिक आवृत्तीतच. म्हणून मी ‘फ्रॉम’चा नाद सोडला आणि ऑप्शनला ‘मॅप’ असतं तशी ‘बदल’ नावाची स्वतःची मेथड लिहिली. नाहीतर मॅक्रो लावून फूट-मीटर, मीटर-फूट अशा जोड्या एकेक करून लिहायच्या. दोन्ही बाजू वेगळ्या असल्यानं तिथं भांडण होत नाही.

“मग दादा तुम्हाला आता काय म्हणतो?” मी विचारलं.

“उसने मागताना मामा, फेडायच्या वेळी सासरेबुवा,” मामा म्हणाले. “काही म्हणू दे, पैसे माझेच जातात.”