उभ्या गाडीचे शास्त्र

ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठण्यासाठी जिची रचना झालेली असते आणि जिची मागची दोन आसने असलीच तर ती केवळ विम्याच्या कागदापुरती माणसांसाठी असतात, त्या मोटारीला सर्वसाधारणपणे स्पोर्ट्‌स कार म्हटले जाते. ही मोटार नवी विकत घेणे हा निव्वळ संपत्तीचा प्रश्न असल्यामुळे त्यात अभ्यासण्याजोगे फारसे काही नाही; परंतु तीच मोटार पाच-सात वर्षांनी विक्रेत्याच्या वातानुकूलित दालनातून दुसऱ्या मालकाने घेणे हा व्यवहार अर्थशास्त्र, कायदा, यंत्रविद्या आणि श्रद्धा या चार शाखांना स्पर्श करतो, आणि त्यांपैकी शेवटची शाखा बहुधा निर्णायक ठरते. मुंबई-पुण्यातील या व्यापाराचे निरीक्षण करणाऱ्यास पहिला सिद्धान्त असा सापडतो की, धावण्यासाठी जन्मलेल्या या वस्तूचा भाव ती किती धावली नाही यावर ठरतो. दहा वर्षांत आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी हे या बाजारातील रत्न मानले जाते. हिशेब केल्यास हे अंतर दिवसाला सव्वादोन किलोमीटरही भरत नाही, आणि तेवढे अंतर गृहनिर्माण संस्थांचे निवृत्त सभासद रोज सकाळी पायी, शिवाय विनामूल्य, कापत असतात.

ही गाडी वापरलेलीच का घ्यावी, याचे उत्तर करप्रणालीत आहे. परदेशात पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या मोटारीवर आपल्याकडे अनेक वर्षे मूळ किमतीपेक्षाही अधिक सीमाशुल्क, अधिभारासह, आकारले जात आले आहे. त्यावर वस्तू व सेवा कर येतो आणि त्यानंतर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर, जो महाराष्ट्रात आयात मोटारीसाठी किमतीच्या २० टक्के आहे. या शेवटच्या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली, याचा अर्थ दीड कोटीच्या गाडीचा धनी आणि सहा कोटींच्या गाडीचा धनी हे दोघे परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर अगदी सारखे ठरतात, आणि समतेच्या तत्त्वाचा इतका निर्दोष अंमल राज्यात अन्यत्र क्वचितच आढळेल. हे सारे कर पहिला मालक भरतो. घसारा, म्हणजे काळाने आणि वापराने वस्तूच्या किमतीत पडणारी तूट, हीदेखील मुख्यतः त्याच्याच वाट्याला येते. त्यामुळे दुसऱ्या ग्राहकाची अशी ठाम समजूत होते की, कोणी एक अज्ञात उद्योगपती आपल्यासाठी कोटभर रुपयांचा चटका सोसून बाजूला झाला आहे. त्या उद्योगपतीने इतके औदार्य का दाखवले असावे, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही.

वापरलेल्या मोटारींच्या बाजाराला विद्वत्तेच्या प्रांतात मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या निबंधात (सदोष गाडीला तिकडच्या बोलीत लिंबू म्हणतात) त्याने असे दाखवले की, गाडीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात आणि घेणाऱ्यास नसतात. या माहितीच्या विषमतेमुळे घेणारा सावध होऊन बेताचाच भाव देऊ करतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी बाजारात आणत नाही, आणि अखेर बाजारात खराब मालच उरतो. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या विचाराच्या कर्त्यास पुढे २००१ मध्ये, अन्य दोघांसह, नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धान्त बिनतोड आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की घेणाऱ्यास खरे काय ते जाणून घ्यायचे असते. मुंबईतील स्पोर्ट्‌स कारचा ग्राहक दालनात पाऊल ठेवतो तेव्हा इमारतीच्या वाहनतळावर मापे घेऊन झालेली असतात आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्‌सॲप गटावर छायाचित्रही गेलेले असते. अशा मनुष्यास गाडीतील दोष सांगणे हा शिष्टाचाराचा भंग ठरतो, आणि विक्रेते शिष्टाचार पाळण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

विक्रेत्याची वर्णनशैली ठरावीक आहे. प्रत्येक गाडी ‘सिंगल ओनर’ असते, ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ असते, तिचा मालक बहुधा डॉक्टर असतो आणि तो ती फक्त रविवारी काढत असे. गाडी कितव्या मालकाकडे आहे हे सरकारच्या वाहन नोंदणी प्रणालीत कोणासही भ्रमणध्वनीवर पाहता येते, आणि तेथे तिसरा मालक दिसल्यास पहिले दोन हे एकाच कुटुंबातील किंवा एकाच कंपनीचे असल्याचे स्पष्टीकरण तयार असते. एवढ्या साऱ्या डॉक्टरांनी रुग्णसेवा सोडून केव्हा आणि कोठे इतकी वाहने घेतली, याचा शोध वैद्यक परिषदेने एकदा घ्यावयास हरकत नाही.

गाडीची तपासणी हा या शास्त्राचा सर्वांत समृद्ध भाग होय, आणि म्हणूनच तो सर्वांत कमी वाचला जातो. अंतरमापकावरील आकडा बदलता येतो, याला बाजारात मीटर मागे फिरवणे म्हणतात. परंतु आधुनिक यंत्र आपल्या मालकाइतके विसरभोळे नसते. उदाहरणार्थ, पोर्शे ९११ या जर्मन गाडीच्या (जी १९६३ मध्ये ९०१ या क्रमांकाने जगापुढे आली आणि प्यूजो कंपनीच्या हरकतीमुळे जिचा क्रमांक बदलावा लागला) अलीकडच्या पिढ्यांमध्ये इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची सहा श्रेणींत नोंद ठेवतो आणि ती आगळीक इंजिनाच्या कितव्या तासाला घडली हेही लिहून ठेवतो. वरच्या श्रेणींतील नोंद साधारणतः एकाच प्रकारे होते, ती म्हणजे हाताने गिअर बदलताना भरवेगात चुकून खालचा गिअर पडल्याने. रविवारी फुलांच्या बाजारापर्यंत जाणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीत अशी नोंद आढळल्यास त्या रविवारी काय घडले असावे, याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. अधिकृत कार्यशाळेत योग्य यंत्र जोडले की ही नोंद वाचता येते. विक्रेत्याकडील ते यंत्र मात्र ग्राहक आलेल्या दिवशी हटकून दुसऱ्या शाखेत गेलेले असते.

टायरच्या कडेवर चार अंकांचा एक शिक्का असतो, ज्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बैलाचे दात पाहून वय ओळखणारा शेतकरी जनावरांच्या बाजारात जितका वेळ जबडा उघडून उभा राहतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका वेळही दीड कोटीच्या गाडीचा ग्राहक या शिक्क्यावर घालवत नाही, कारण त्यासाठी वाकावे लागते. रंगाची जाडी मोजणारे लहानसे उपकरण पत्र्यावर टेकवले असता कारखान्यातील मूळ रंग साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतो, आणि तोच आकडा एका दारावर पाचशेच्या पुढे गेला तर आत पुट्टी भरून अपघाताची आठवण बुजवली आहे असे समजावे. ब्रेक पिवळे दिसल्यास ग्राहकाचा आनंद गगनात मावत नाही. पोर्शेने २००१ मध्ये कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिक चकत्यांचे ब्रेक आणले, ते लोखंडी चकत्यांच्या निम्म्या वजनाचे असतात आणि त्यांची पकड, म्हणजे कॅलिपर, पिवळ्या रंगाने ओळखली जाते. मात्र त्या चकत्या बदलण्याची वेळ आली की खर्च कित्येक लाखांत जातो, आणि याउलट साध्या लोखंडी ब्रेकच्या पकडीला पिवळा रंग लावण्याचा खर्च काही हजारांतच आटोपतो.

कायद्याची भूमिका या बाबतीत अतिशय उद्बोधक आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ अन्वये, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असता तो विक्रीयोग्य दर्जाचा असावा अशी अट गृहीत धरली जाते. परंतु ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरती ही अट लागू होत नाही. म्हणजे ज्याने पाहिले आणि ज्याला दिसले नाही तो फसला, आणि ज्याने पाहिलेच नाही त्याच्या पाठीशी विधिमंडळ उभे. या तरतुदीमुळे न वाकणाऱ्या ग्राहकास आपल्या आळसाचे कायदेशीर समर्थन मिळाल्यासारखे वाटते, आणि तो मोठ्या समाधानाने विक्रेत्याच्या त्या छापील कागदावर सही करतो, ज्यात गाडी ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ स्वीकारल्याचे बारीक अक्षरांत नमूद करून वरील सर्व संरक्षण सोडून दिलेले असते.

आता मूळ सिद्धान्ताकडे वळल्यास त्यातील खरी मेख लक्षात येते. न धावल्यामुळे जिचा भाव चढतो ती गाडी न धावल्यामुळेच बिघडत असते. उभ्या गाडीच्या टायरांवर वजन एकाच जागी पडून ते तेथे चपटे होतात, रबराची सीले सुकून तेल गळू लागते, टाकीतील पेट्रोल शिळे होते, बॅटरी उतरते, आणि मुंबईच्या तळघरातील वाहनतळांमध्ये उंदीर वायरिंगवर जो ताव मारतात त्याची नोंद सेवापुस्तिकेत सहसा होत नाही. नियमितपणे चालवलेली आणि वेळच्या वेळी तेलपाणी झालेली चाळीस हजार किलोमीटरची गाडी यांत्रिक दृष्ट्या अधिक निरोगी असण्याचा संभव असतो, आणि हे प्रत्येक मेकॅनिक सांगतो. तरीही ती स्वस्तात जाते, आणि आठ हजारांची आजारी गाडी झुंबराखाली उभी राहून वाट पाहते. नव्या मालकासही हे गणित लवकरच उमगते. प्रत्येक फेरीगणिक आपल्या मालमत्तेचा भाव उतरतो हे कळल्यानंतर तो गाडीवर सुती आवरण घालतो, चार्जर लावतो आणि कार्यालयात जाण्यासाठी चालकासह एक साधी डिझेल गाडी ठेवतो.

गाडी काढलीच तर ती न्यावी कोठे, हाही प्रश्न आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची वेगमर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची, आणि मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८० तर बोगद्यात ६० ची. म्हणजे इंजिनाच्या सामर्थ्याचा अर्ध्याहून मोठा हिस्सा राज्यात कोठेही कायदेशीरपणे वापरता येत नाही. बोगद्यात साठच्या वेगाने जाणाऱ्या, परंतु आवाज दोनशेचा काढणाऱ्या गाड्यांचे रहस्य यातच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. नगरसेवकाच्या प्रेरणेने उभे राहणारे गतिरोधक या मानकाच्या वाचनातून निर्माण होत नाहीत, आणि पोट जमिनीपासून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर वर असलेल्या गाडीसमोर ते येतात तेव्हा तीनशेचा वेग गाठणारे यंत्र शून्यावर येऊन तिरके होते आणि मागच्या रिक्षावाल्याचे मौलिक अभिप्राय ऐकत रस्ता ओलांडते.

कागदपत्रांचा विषय रूक्ष असल्याने तो थोडक्यात आटोपणे इष्ट. गाडी पुदुच्चेरीत नोंदलेली असल्यास तेथील कर कमी होता म्हणूनच पहिल्या मालकाने तेथे ‘वास्तव्य’ केले असे समजावे. २०१७ मध्ये केरळात अशा पत्त्यांची पोलिसांनी चौकशी केली तेव्हा काही पत्त्यांवर मालकांना कोणीच ओळखत नसल्याचे आढळले होते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ अन्वये अन्य राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते आणि येथील कर भरावा लागतो. एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यासही परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते, आणि ताब्यातील गाडी चाचणी, प्रात्यक्षिक, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी बाहेर काढून तिची प्रत्येक फेरी इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत लिहावी लागते. त्या कारणांच्या यादीत विक्रेत्याच्या भाच्याच्या लग्नाची वरात नाही.

हार, नारळ आणि चाकाखाली चिरडलेले लिंबू यांसह गाडी दालनाबाहेर पडते आणि साधारणतः दोन वर्षांनी, आणखी अकराशे किलोमीटर चालून, त्याच दालनात विक्रीसाठी परत येते. तेव्हा बाजार पडलेला असतो, या रंगाला मागणी नसते, नवे मॉडेल आलेले असते, आणि जो टायरचा शिक्का विकताना कोणास दिसला नव्हता तो आता विक्रेता स्वतः वाकून वाचतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत वापरलेल्या सर्व वाहनांवर १८ टक्के दराची शिफारस झाली. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याने गाडीच्या संपूर्ण किमतीवर द्यावयाचा नसून खरेदी आणि विक्री यांतील फरकावर, म्हणजे त्याच्या नफ्यावर, द्यावयाचा असतो, आणि फरक उणे असल्यास कर शून्य होतो. गाडी घेताना विक्रेता मालकास शपथेवर सांगतो की या सौद्यात आपल्याला एक पैसाही सुटणार नाही, आणि महिनाभराने तीच गाडी विकताना नव्या ग्राहकास सांगतो की ही आपण घरचे घालून देत आहोत. दोन्ही शपथा खऱ्या मानल्यास या व्यापारातून शासनास आजवर छदामही मिळालेला नसावा. तरी कर विभागाने अद्याप कोणत्याही दालनाला टाळे ठोकल्याचे दिसत नाही, आणि बहुतेक दालनांनी मात्र शेजारचा गाळाही भाड्याने घेतला आहे.