मेशोमशायांचं कार्ड आणि केसरबाईंची भैरवी

“काकू, कुरडया वाळतील सावकाश, आधी कठड्याशी या. वरच्या मजल्यावरच्या मेशोमशायांनी काय केलंय, कळलं का?”

“काय? परत फ्री स्कूल स्ट्रीटवरून जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा उचलून आणला?”

“ते तर चालूच असतं. आता चांदनी बाजारातून गाण्यांसाठी म्हणून खास मेमरी कार्ड आणलंय, चौपट पैसे मोजून. म्हणे साध्या पेनड्राइव्हवर केसरबाईंचा आवाज कोरडा लागतो, ह्या कार्डावर कसा ओलावा येतो!”

“ओलावा? भवानीपुरात राहून ओलावा विकत आणायचा? माझ्या कपाटाला बुरशी येते दर आषाढात, ती घेऊन जा म्हणावं!”

काकूंचा जन्मच इथला, कलकत्त्यातला. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती त्यांनी कधी चुकवला नाही आणि बंगाली अशी बोलतात की मासेवाला भाव वाढवायला धजत नाही. केसरबाई केरकरांचं नाव निघालं की ‘सुरश्री’ ही पदवी त्यांना आमच्या कलकत्त्यानं दिली, हे ऐकवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ते ऐकून झालं. मग म्हणाल्या, “पण अगदीच हसू नकोस हो. वस्तू बदलली की आवाज बदलतो, हे आम्ही कानांनी ऐकलंय. सासऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या किती खरखरायच्या!”

ते खरंच आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात गायिका गौहर जान ह्याच शहरात कर्ण्यासमोर गायल्या. मुद्रण मेणावर झालं, ते आगबोटीनं जर्मनीत हानोव्हरला गेलं आणि तिथून तबकड्या छापून परत आल्या. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला, पुढे दमदमला मोठा झाला. तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड घालत, म्हणून सुई फिरताना ती खरखर. पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलायची, नाहीतर खाचच झिजायची. कर्ण्याला नाजूक, उंच स्वर नीट पकडता यायचे नाहीत. वर वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. तिथे ज्यात साठवलं ती वस्तूच गाण्यात आपला सूर मिसळायची.

“मग आता का नाही मिसळणार?”

“कारण आता खाचच नाही काकू, आकडे आहेत. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासूनचा हिशेब सांगते. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा, डाव्या कानाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. ते आकडे लिहून ठेवायचे. आता तुमच्या वाण्यानं उधारी शाईनं मांडली काय नि पेन्सिलीनं, द्यायचे पैसे तेवढेच ना?”

“पेन्सिल पुसली जाते.”

काकूंना कमी समजू नये. पुसलं जाणं हाच तर मुद्दा आहे. पण आकडे पुसले गेले तर गाणं कोरडं लागत नाही. टक्क वाजतं, अडकतं, मध्येच गप्प होतं, नाहीतर फाइल उघडतच नाही. गंधार तेवढा रुक्ष करायचा आणि बाकी मैफल सुखरूप ठेवायची, इतकी रसिक बिघाडी कुठलंच कार्ड करत नाही. चरा पडलेल्या सीडीचं मात्र थोडं निराळं. तिच्यात चूक दुरुस्त करायची सोय असते. ती अपुरी पडली की यंत्र आजूबाजूचे आकडे बघून मधला आकडा अंदाजानं भरतं. तिथे आवाजाला थोडासा धक्का लागू शकतो.

आमचा मुलगा ध्वनिमुद्रण शिकतो. त्यानं मेशोमशायांच्या समोरच प्रयोग मांडला. महागड्या कार्डावरची आणि चहाच्या डागाच्या पेनड्राइव्हवरची केसरबाईंची तीच भैरवी संगणकावर दोन ओळींत लावली, एक ओळ उलटी केली आणि दोन्ही एकत्र केल्या. जे सारखं ते एकमेकांना खातं, फरक तेवढा उरतो. वाजवलं, तर काही नाही. पडद्यावरचा काटा तळाला चिकटून बसलेला. मेशोमशायांनी आवाज वाढवला, पुन्हा वाढवला, शेवटी स्पीकरच्या जाळीला कान लावला. मग पोरानं एका ओळीच्या जागी एमपीथ्री ठेवली, सेकंदाला १२८ किलोबिटच्या दरानं दाबलेली, म्हणजे सीडीचा अकरावा हिस्सा. आता मात्र उरलं काहीतरी! तानपुऱ्याची जवार, ‘स’चे फुत्कार, तबल्याच्या चाटीची कोरडी कड, सगळं भुतासारखं कुजबुजत होतं. गाण्यातनं हरवतं ते असं, दाबताना. डबी कुठली ह्याच्याशी त्याचं काही नातं नाही.

“मग म्हातारा काय म्हणाला?”

“म्हणाला, यंत्रानं ऐकलं नाही ते मन ऐकतं!”

काकू पोट धरून हसल्या. पण मेशोमशाय एकटे नाहीत. २०१५ साली सोनीसारख्या कंपनीनं जपानात संगीतासाठी म्हणून ६४ जीबीचं कार्ड काढलं होतं, साडेअठरा हजार येनच्या आसपास. दावा असा की वाचताना विजेचा गोंगाट कमी होतो. स्वस्त यंत्रात विजेची गुणगुण स्पीकरपर्यंत पोचू शकते, हे खोटं नाही. हार्डडिस्कची घरघर आणि पंख्याची सूंसूंही खोलीत ऐकू येते. पण त्यावर उपाय यंत्र सुधारण्याचा. आकडे आधी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत जमतात आणि तिथून घड्याळाच्या ठोक्यावर आवाज होऊन बाहेर पडतात. ते कुठल्या कार्डावरून आले, हे त्या घड्याळाला ठाऊकच नसतं. पैसे घालवायचेच असतील तर स्पीकरवर घालवावेत. ते जमत नसेल तर खोलीत पडदे नि सतरंजी घालावी.

“आणि केसरबाईंची ती आकाशातली रेकॉर्ड? ती कशावर आहे?”

ह्या प्रश्नावर मी खूश झाले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी गेली, तिच्यात केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’ आहे, भैरवीतलं. ती तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, आणि बरोबर सुईसुद्धा दिलेली. तिथे आकडे नाहीत, खाचा आहेत. म्हणून तिथे धातू महत्त्वाचा. सोन्याचा मुलामा दिला तो तबकडी टिकावी म्हणून.

टिकण्याचा प्रश्न आपलाही आहे. काकूंच्या ट्रंकेत कॅसेटी आहेत, घरच्या बैठकींच्या, सासूबाईंच्या ओव्यांच्या. फितीवर पांढरी बुरशी धरलीय. महागडं कार्ड ती बुरशी काढणार नाही आणि काही वर्षांनी फीत वाजवायलाही येणार नाही. तुमच्या घरात असं काही असेल तर ह्या पावसाळ्याआधी जाणत्याकडून उतरवून घ्या, न दाबता. दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवा. कार्ड साधं चालेल.